रुग्णालयाचे देणे आणि व्यापाऱ्याची पत

बेगम बाजारात पत म्हणजे निम्मे भांडवल. रुग्णालयाचे थकलेले बिल आपोआप पतअहवालात चढत नाही. मात्र ते भागविण्यास वित्तसंस्थेचे कर्ज काढले, की त्याचा प्रत्येक हप्ता तेथे नोंदला जातो. आमच्या घरी शस्त्रक्रियेसाठी काढलेले असे कर्ज फिटूनही अहवालात थकबाकीच दिसत होती, आणि वसुलीवाला पेढीवर, गिऱ्हाइकांदेखत, वाटेल ते बोलून गेला! ना-देय दाखला जपला होता, म्हणून निभावले. वसुलीचा फोन सकाळी ८ पूर्वी वा सायंकाळी ७ नंतर करण्यास रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, हे सभासद बंधूंनी ध्यानी ठेवावे. सिबिलसह चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. नोंदीतील चुकीची तक्रार ३० दिवसांत न मिटल्यास पुढील प्रत्येक दिवसास १०० रुपये भरपाई देण्याचा नियम २०२४ पासून लागू आहे.