जाड, चिंचोळी आणि तिरपी : मथळ्याची अक्षरे



दुकानातला 'सेल'चा फलक, फुटबॉलच्या सामन्याचे पोस्टर आणि आपल्या मंडळाच्या मेळाव्याचा बॅनर, या तिघांत एक गोष्ट बरेचदा सारखी असते. अक्षरे जाडजूड, अंगाने चिंचोळी आणि एका बाजूला झुकलेली. कुणीतरी धावत येऊन मोठ्याने काही सांगतंय असे वाटावे, म्हणूनच ती तशी घडवलेली असतात.

जाडी कशासाठी, ते सांगायला नको. दुरून दिसावे म्हणून. चिंचोळेपणा जागेसाठी. खिळे जुळवण्याच्या काळात स्तंभाची रुंदी ठरलेली असे, मथळा लांबला तर जुळारी काय करणार? बारीक अंगाची अक्षरे घेतली की उंची तीच राहते आणि दोन शब्द जास्त बसतात. तिरपेपणाची गोष्ट मात्र जुनी आहे. 1501 साली व्हेनिसच्या आल्दुस मानुतिउसने कवी व्हर्जिलचे पुस्तक पूर्णच्या पूर्ण तिरप्या अक्षरांत छापले. ते खिळे फ्रान्चेस्को ग्रिफो याने कोरले होते. त्यात जोर देण्याचा काही प्रश्न नव्हता, हस्ताक्षरासारखे सुटसुटीत छोटे पुस्तक हवे होते, इतकेच. धावपळ, वेग, घाई हे अर्थ तिरप्या अक्षराला पुष्कळ नंतर चिकटले.

आता 'इम्पॅक्ट' हे अक्षर घ्या. जेफ्री ली याने ते आखले आणि 1965 मध्ये इंग्लंडातल्या शेफील्डच्या स्टीफनसन ब्लेक या कारखान्याने ते धातूत ओतले. पुढे ते विंडोजबरोबर घरोघरी गेले. पण ते आले फक्त उभ्या रूपात! आपण तिरपे करण्याची कळ दाबतो तेव्हा संगणक अक्षराला नुसता ढकलतो. इंग्रजी 'ओ' पाहिलात तर वर उजवीकडे आणि खाली डावीकडे तो फुगतो, उरलेल्या दोन कोपऱ्यांत बारीक होतो. खरे तिरपे अक्षर काढणारा कारागीर हीच वळणे एकेक करून पुन्हा दुरुस्त करतो. म्हणून त्याचे पैसे जास्त, आणि माझ्या मते ते योग्यच आहेत.

हिब्रूचा पेच तर आणखी मजेदार. आपण हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचतो. तेव्हा अक्षर उजवीकडे झुकवले तर ते पुढे धावण्याऐवजी आरामखुर्चीत मागे रेलल्यासारखे दिसते. डावीकडे झुकवले, तर शेजारच्या इंग्रजी ओळीशी त्याचे भांडण. इस्मार डेव्हिड यांनी आपल्या अक्षरकुटुंबात, ज्यातले उभे वळण 1954 मध्ये इंटरटाइप यंत्रासाठी बाहेर आले, तिरपे वळणही आखले होते. ते उभे अक्षर ढकलून केलेले नव्हते, हाताच्या लिखाणावरून घेतलेले होते. उभे वळण सगळ्यांच्या ओळखीचे झाले, तिरप्याला ते भाग्य लाभले नाही.

चिंचोळे करणे हेही हिब्रूच्या जुन्या सवयीच्या उलट आहे. ओळ भरायची असली की आपले लेखनिक आलेफ, हे, लामेद, ताव ही अक्षरे आडवी ताणत. दाबून बसवण्यात धोका असतो. दालेत आणि रेश यांत फरक तो केवढा, एका कोपऱ्याचा! सेफर तोरामध्ये शेमाच्या ओळीतला 'एहाद'चा दालेत मोठा लिहितात. त्याचे एक कारण असे सांगतात की तो चुकून रेश वाचला गेला तर 'एक'चे 'दुसरा' होईल. सोफेर जिथे एवढी काळजी घेतो, तिथे आपण पोस्टरवर तेच कोपरे जाड करून बुजवतो.

आणि आपली मराठी? तिथे दालेत-रेशचे भाऊबंद आहेतच : घ आणि ध, म आणि भ. सगळा भेद वरच्या रेघेतल्या एवढ्याशा फटीचा. अक्षर जाड केले, वरून दाबले, की फट गेली. मागे एका मेळाव्याच्या बॅनरवर 'भेट' हा शब्द 'मेट' असा दिसत होता. तरुण मंडळी अंदाजाने वाचून पुढे गेली, पण आमच्या एक मावशी चष्मा पुसत विचारत होत्या, "हे मेट कोण बाई?" शिवाय देवनागरीला वर मात्रा, वेलांटी, रफार आणि खाली उकार लागतात. उभी जागा तिथेच संपते. त्यात तिरपे केले की शिरोरेघ आडवी राहते, काने मात्र कलतात, आणि अक्षर दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यासारखे वाऱ्यावर दिसते.

लग्नाची, बार मित्स्वाची किंवा मलिद्याची पत्रिका करणाऱ्यांना म्हणून एवढेच सांगावेसे वाटते. असली अक्षरे एका शब्दाला द्या, फार तर दोन. नाव, तारीख, वेळ आणि सिनेगॉगचा पत्ता साध्या उभ्या अक्षरांत मोकळा ठेवा. मराठी ओळ इंग्रजीपेक्षा थोडी मोठी घ्या. छापायला देण्यापूर्वी कागद भिंतीला लावून चार पावले मागे जा, आणि घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाकडून तो मोठ्याने वाचून घ्या.