साखळी खेळाडूच्या नावावर

जोश वॉर्डल यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये वर्डल हा खेळ लोकांसाठी खुला केला. पाच अक्षरांचा इंग्रजी शब्द, सहा प्रयत्न, दिवसाला एकच कोडे. पुढच्या सगळ्या दिवसांची उत्तरे पानाच्या कोडमध्येच लिहिलेली होती आणि सलग किती दिवस जिंकलो याचा हिशेब ज्याच्या त्याच्या ब्राउझरमध्ये साठत होता. १ नोव्हेंबरला ९० जण तो खेळले, जानेवारीच्या सुरुवातीला तीन लाख, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस न्यूयॉर्क टाइम्सने तो विकत घेतला. ब्राउझरमधली ही साठवण संकेतस्थळाच्या पत्त्याशी बांधलेली असते. त्यामुळे फेब्रुवारीत खेळ नव्या पत्त्यावर गेला, तेव्हा जुना हिशेब सोबत नेण्याची सोय असूनही काही खेळाडूंची साखळी शून्यावर आली. त्यांची हळहळ रास्त होती. शब्द दुसऱ्या दिवशी शिळा होतो आणि असा खेळ लिहू शकणारे पुष्कळ आहेत. खेळाडूने स्वतः कमावलेली गोष्ट म्हणजे ती साखळी, आणि नेमकी तीच त्याच्या हाती नव्हती. विकेंद्रित सामाजिक जाळ्यावर असा खेळ बांधण्याचे खरे कारण मला इथे दिसते.

ब्लूस्काय हे सामाजिक जाळे ज्यावर चालते तो एटी प्रोटोकॉल या कामासाठी सोयीचा आहे. ट्विटरने २०१९ च्या डिसेंबरात जाहीर केलेल्या प्रकल्पातून तो पुढे घडला, आणि फेब्रुवारी २०२४ पासून ब्लूस्कायवर आमंत्रणाशिवाय खाते उघडता येऊ लागले. इथे प्रत्येकाचा स्वतःचा नोंदसंग्रह असतो. त्यातला प्रत्येक बदल स्वाक्षरीबद्ध असतो, आणि संग्रह ज्या सर्व्हरवर ठेवला आहे तो बदलता येतो. खात्याची कायमची ओळख, म्हणजे डीआयडी, त्याने बदलत नाही. पोस्ट हा नोंदीचा फक्त एक प्रकार. कोणीही ‘लेक्सिकॉन’ नावाचा आराखडा लिहून नवा प्रकार सुरू करू शकतो. शब्दखेळाला तारीख, प्रयत्नांची संख्या आणि अक्षरे कितपत जुळली ते दाखवणाऱ्या रंगांची ओळ एवढेच लागते. नोंदीची किल्ली म्हणून तारीखच वापरली की एका खेळाडूची एका दिवसाची दुसरी नोंद राहूच शकत नाही. खेळाच्या सर्व्हरने जाळ्यावरून वाहणाऱ्या बदलांच्या प्रवाहातून आपल्या प्रकारच्या नोंदी तेवढ्या टिपायच्या. उद्या खेळ बंद पडला तरी नोंदी खेळाडूकडे राहतात आणि दुसरा कोणीही त्यांवर नवा खेळ उभारू शकतो.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो दमदार आहे: संग्रह खेळाडूचा, म्हणजे तो त्यात काहीही लिहील. रोज पहिल्याच प्रयत्नात जिंकल्याची नोंद करायला त्याला कोण अडवणार? कोणीच नाही, आणि अडवायचे कारणही नाही. अडवण्याऐवजी साक्ष द्यावी. अंदाज तपासून रंग ठरवण्याचे काम खेळाच्या सर्व्हरकडे ठेवायचे, आणि डाव संपला की खेळाडूचा डीआयडी, तारीख आणि निकाल यांवर सर्व्हरने आपली स्वाक्षरी करून द्यायची. डीआयडी त्यात हवाच, नाहीतर मित्राची नोंद उचलून आपल्या संग्रहात चिकटवता येईल. स्वाक्षरी नसलेली नोंद कोणी लिहिली तर लिहो, ती मोजली जाणार नाही. यासाठी सर्व्हरला चालू डाव लक्षात ठेवावा लागतो, हे खरे. पण ती आठवण एका दिवसापुरती. वर्षांची आठवण खेळाडूकडे. दुसऱ्या खात्यावरून शब्द आधी शोधणाऱ्याला मात्र हा बंदोबस्त रोखू शकत नाही. वर्डलमध्येही ते कधी रोखता आले नाही.

साक्ष देणाऱ्यावर तरी विश्वास का ठेवावा? ९ मे २०२२ रोजी टाइम्सने ठरलेला शब्द ऐनवेळी बदलला आणि ज्यांचे पान ताजे झाले नव्हते त्यांना जुनाच शब्द मिळाला. एकच शब्द सगळ्यांना, हा या खेळाचा प्राण. तो त्या दिवशी गेला. यावर उपाय आहे तो बंद लिफाफ्यातल्या निविदेसारखा. खेळाने दिवस सुरू होताच शब्दाचा हॅश, म्हणजे ज्यावरून शब्द उलटा काढता येत नाही असा सांकेतिक ठसा, आपल्या संग्रहात जाहीर करायचा आणि दुसऱ्या दिवशी शब्द उघड करायचा. मग मधल्या वेळेत बदल झाला नाही हे कोणालाही पडताळता येते. हॅश करताना शब्दाला एक लांब यादृच्छिक आकडा जोडावाच लागतो, कारण दोन-तीन हजार शब्दांच्या यादीचे सगळे हॅश काढायला संगणकाला क्षणही लागत नाही.

संग्रहातले सारे उघड असते, ही दुसरी अडचण. म्हणून नोंदीत अंदाजाचे शब्द लिहायचे नाहीत, फक्त रंग. आणि दिवस ज्याच्या त्याच्या मध्यरात्री नव्हे, साऱ्या जगात एकाच क्षणी बदलायचा. ग्रिनिचची मध्यरात्र धरली तर पुण्यात पहाटेचे साडेपाच, न्यू जर्सीत आदली संध्याकाळ. बहुतेक खाती आजही ब्लूस्काय कंपनीच्याच सर्व्हरांवर आहेत, मग विकेंद्रीकरण कुठे राहिले, असेही विचारले जाते. प्रश्न योग्य आहे; डीआयडींची मुख्य नोंदवहीसुद्धा कंपनीनेच उभी केलेली आहे. तरी संग्रह उचलून दुसरीकडे नेण्याचा मार्ग आज चालू आहे, आणि ब्राउझरमध्ये अडकलेल्या हिशेबाला तो कधीच नव्हता.

मराठीत हा खेळ करायचा तर या साऱ्याहून अवघड प्रश्न चौकटींचा आहे. ‘महाराष्ट्र’ची अक्षरे आपण चार मोजतो. युनिकोडच्या जुन्या नियमाप्रमाणे मात्र संगणक जोडाक्षर हलन्तापाशी तोडायचा आणि सहा मोजायचा. २०२३ च्या १५.१ आवृत्तीने देवनागरीची जोडाक्षरे अखंड धरली, पण जुन्या फोनमध्ये जुनाच नियम चालतो. एकाच्या पडद्यावर चार चौकटी आणि दुसऱ्याच्या सहा, तर स्पर्धा कसली? तेव्हा अक्षरे मोजण्याचा नियम फोनवर न सोडता खेळाने स्वतः बाळगायला हवा. ‘वाऱ्यावर’मधला अर्धा र दोन वेगळ्या सांकेतिक क्रमांनी लिहिता येतो, डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, तपासणीत मात्र बरोबर उत्तर चूक ठरते. म्हणून तपासण्याआधी दोन्ही रूपे एक करून घ्यावी लागतात.

मग रंगांचा प्रश्न. उत्तरात ‘की’ आहे आणि खेळाडूने ‘का’ लिहिले, तर त्याला करडा, म्हणजे अक्षर साफ चुकल्याचा, रंग देणे अन्यायाचे होईल. व्यंजन जुळले, स्वर चुकला, हे सांगणारा चौथा रंग हवा. प्रसिद्ध झालेल्या लेक्सिकॉनमध्ये नंतर ऐच्छिक रकाना वाढवता येतो, जुन्या रकान्याचा अर्थ बदलता येत नाही. तसे करायचे तर नव्या नावाने नवा प्रकार काढावा लागतो आणि जुन्या साखळ्या तिथेच तुटतात. म्हणून इंग्रजी खेळाचा तीन रंगांचा आराखडा जसाच्या तसा उचलू नये. रंगांची यादी पहिल्या दिवसापासून खुली ठेवावी आणि अक्षरे कोणत्या नियमाने मोजली त्याचा क्रमांक प्रत्येक नोंदीत लिहावा.