अमेरिकेंतील सक्तीची युद्धनोंदणी

आपल्यापैकीं पुष्कळ घरांतील एखादा पुतण्या, भाचा वा नातू आज अमेरिकेंत आहे. त्याच्या शिक्षणाची, नोकरीची व विवाहाची चौकशी आपण अगत्यानें करतों. परंतु तेथील एका कायद्याची वार्ता घरांतील वडीलधाऱ्यांस क्वचितच असते. अठरा ते पंचवीस वर्षें वयाच्या प्रत्येक पुरुष नागरिकाचें, तसेंच कायम वास्तव्याचा परवाना मिळालेल्या परदेशी तरुणाचेंहि नांव तेथें युद्धसेवेच्या यादींत असावें लागतें. केवळ विद्यार्थी म्हणून गेलेल्यास हें बंधन नाहीं; उलट, तेथें जन्मलेला व तेथील नागरिकत्व असलेला मुलगा पुण्यांत वाढला, तरी त्याला तें लागू आहे. नोंदणी बुद्ध्या चुकविणारास पांच वर्षांपर्यंत कारावास व अडीच लक्ष डॉलरपर्यंत दंड कायद्यानें सांगितला आहे.

तेथील सक्तीची भरती १९७३ सालीं थांबली व १९७५ सालीं नोंदणीहि थांबली. पुढें सोव्हिएट सैन्य अफगाणिस्तानांत शिरल्यावर १९८० सालीं अध्यक्ष कार्टर यांनीं नोंदणी पुनः सुरू केली. भरती नाहीं, यादी मात्र हवी, हा अर्धजरतीय न्याय होय.

संकटकाळीं यादी हाताशीं असावी, असें तिचे समर्थक म्हणतात. हा युक्तिवाद वरवर सयुक्तिक दिसतो. परंतु १९८० सालीं ज्यांच्या हातून ही नोंदणी झाली, ते त्या खात्याचे तत्कालीन प्रमुख बर्नार्ड रॉस्टकर यांनींच २०१९ सालीं एका राष्ट्रीय आयोगापुढें साक्ष दिली कीं, ही यादी अपुरी व चुकीची असल्यामुळें निरुपयोगी आहे आणि कायदा रद्द करावा. तरुण वारंवार बिऱ्हाड बदलतात. यादींतील पत्ते मात्र जुनेच राहतात.

याहून गंभीर आक्षेप विवेकाचा आहे. ज्याच्या मनास युद्धमात्र अधर्म्य वाटतें, त्यास तें नोंदणीच्या वेळीं सांगण्याची सोय नाहीं; भरतीचें बोलावणें आल्यावरच त्याचें म्हणणें ऐकलें जावयाचें. मग तो विचार खरा कीं भीतीपोटीं सुचलेला, हें ठरविणार कसें?

राष्ट्ररक्षण हें कर्तव्य आहे, याविषयीं दुमत नाहीं. परंतु प्राणांची अपेक्षा करणाऱ्या राज्यानें ती उघड चर्चेनें करावी, मुकाट्यानें भरलेल्या यादीनें नव्हे. कायदा आहे तोंवर मुलांनीं तो पाळावा. पण अठरावें वर्ष लागण्यापूर्वीं घरांतील वडीलांनीं त्यांच्याशीं युद्ध व अहिंसा या विषयांवर मोकळेपणानें बोलावें, आणि मुलाचें मत ठाम असल्यास तें त्याच्याच हातानें लिहवून, तारीख घालून जपून ठेवावें.