पाऊण तासाचा एकांत

आज बोलायचं आहे ते लिहिण्याविषयी. कथा-कादंबऱ्या लिहिणाऱ्या लेखकांविषयी नव्हे, तर तुमच्या-माझ्यासारख्या, ‘एकदा बसून सगळं लिहून काढायचं आहे’ असं वर्षानुवर्षं म्हणणाऱ्या माणसांविषयी.

२०२४ च्या श्रावणातली गोष्ट. दुपारचा चहा घेऊन मी आईजवळ बसलो होतो. आईनं तेव्हा पंच्याऐंशी ओलांडली होती. तिचं सासरचं, म्हणजे आमचं मूळ गाव साठच्या दशकाच्या सुरुवातीला कोयना धरणाच्या पाण्याखाली गेलं. त्या वेळी मी तिच्या कडेवर होतो, त्यामुळं मला त्यातलं काही आठवत नाही. जे गाव मला ठाऊक आहे ते आईच्या तोंडून ऐकलेलं. त्या दिवशी मी सहज विचारलं, ‘‘आई, पावसाळ्यात तुम्हाला नदीपलीकडं न्यायचा, त्या होडीवाल्याचं नाव काय गं?’’ ही गोष्ट तिनं मला शंभर वेळा सांगितली असेल. ती माझ्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, ‘‘कुठला होडीवाला रे?’’

मला चहा गेला नाही. कारण हे सारं लिहून काढायचं म्हणून मी एक दोनशेपानी वही आणली होती. टपाल खात्यातून २०१८ साली निवृत्त झालो, त्याच आठवड्यात. पहिल्या पानावर सुवाच्य अक्षरात ‘आमचं गाव’ असं लिहिलंही होतं. सहा वर्षांत त्या वहीची अकरा पानं भरली होती.

वेळ नव्हता असं म्हणायची सोय नव्हती. निवृत्त माणसाकडं वेळाशिवाय दुसरं असतं काय? मग हा वेळ जातो कुठं, ते पाहायचं ठरवलं. टपाल खात्यात जन्म गेला, त्यामुळं आलेल्या-गेलेल्या प्रत्येक नगाची नोंद ठेवायची सवय हाडात मुरलेली. आठवडाभर मी रोज तासभर लिहायला बसलो आणि जितक्या वेळा लक्ष हललं तितक्या रेघा वहीच्या शेवटच्या पानावर ओढल्या. पहिल्याच दिवशी एका तासात चौदा रेघा झाल्या. त्यांतल्या तीनच बाहेरून आल्या होत्या. दाराची बेल, कुकरची शिट्टी आणि एक फोन. उरलेल्या अकरा वेळा मीच मला उठवलं होतं. व्हॉट्सॲपवर कुणाचा ‘शुभ सकाळ’ आला ते पाहायला, पेन्शनचं काम आठवलं म्हणून, चष्मा पुसायला, आणि एकदा तर पावसाला सुरुवात झाली का ते बघायला. तोवर मी घरातल्या गोंगाटाला दोष देत होतो. रेघा मात्र वेगळंच सांगत होत्या.

मंडळी, दोन मिनिटांसाठी उठलो तर दोनच मिनिटं गेली, असा आपला हिशेब असतो. तो चुकीचा आहे. सोफी लेरॉय या अमेरिकेतल्या संशोधक बाईंनी २००९ साली यावर एक निबंध प्रसिद्ध केला. एक काम अर्धवट टाकून माणूस दुसऱ्याकडं वळला, तरी त्याच्या लक्षाचा काही भाग पहिल्याच कामाला चिकटून राहतो, असं त्यांच्या प्रयोगांत दिसलं. पातेलं घासलं तरी तळाला साय चिकटून राहावी, तसं. म्हणजे फोन पाहून मी वहीकडं परत आलो तरी पुरता परत आलेलो नसतो. शरीर खुर्चीवर, पण डोक्याचा एक कोपरा अजून त्या निरोपाला काय उत्तर द्यावं याचा विचार करत असतो. आठवणी लिहिताना तर याचा फार तोटा होतो. जुनी आठवण विहिरीतल्या घागरीसारखी सावकाश वर येते. दोर मध्येच सोडला की घागर पुन्हा तळाशी.

मग फोन नुसता मुका करून पालथा ठेवला तर? अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ साली नेमका हा प्रयोग केला. काहींचे फोन टेबलावर, काहींचे खिशात किंवा पिशवीत, तर काहींचे दुसऱ्या खोलीत ठेवले. सगळ्यांचे आवाज बंद. बुद्धीला ताण देणाऱ्या चाचण्यांत दुसऱ्या खोलीत फोन असलेल्यांची कामगिरी सरस ठरली. नंतरच्या सगळ्याच प्रयोगांत हा परिणाम तितका स्पष्ट आला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण स्वतःवर करून पाहायला पैसे पडत नाहीत. मी पाहिलं. फोन स्वयंपाकघरात फडताळावर ठेवल्यापासून माझ्या रेघा चौदावरून पाचावर आल्या.

आता एका साहेबाची गोष्ट सांगतो. साहेब आमच्याच खात्यातले, म्हणून जरा जास्त आपुलकी. अँथनी ट्रॉलप हे एकोणिसाव्या शतकातले इंग्रज कादंबरीकार. ते इंग्लंडच्या टपाल खात्यात मोठ्या हुद्द्यावर होते. १८५२ साली चॅनल बेटांवर रस्त्याच्या कडेला टपालपेट्या बसल्या, त्यांच्या शिफारशीवरून. नोकरी सांभाळून त्यांनी लिखाण केलं आणि एकूण सत्तेचाळीस कादंबऱ्या त्यांच्या नावावर आहेत. हे कसं जमलं ते त्यांनी आत्मचरित्रात सांगून ठेवलं आहे. पहाटे साडेपाचला ते टेबलाशी बसत. उठवायला येणाऱ्या नोकराला त्यासाठी वर्षाला पाच पौंड जादा देत. पहिला अर्धा तास आदल्या दिवशीचं वाचायचं, मग घड्याळ समोर ठेवून दर पाव तासाला अडीचशे शब्द लिहायचे. तीन तास झाले की उठायचं आणि दिवसाच्या कामाला लागायचं. ते आत्मचरित्र त्यांच्या मृत्यूनंतर १८८३ साली निघालं, तेव्हा ‘हे काय, घड्याळ लावून साहित्य होतं का?’ म्हणून पुष्कळांनी नाकं मुरडली. मला मात्र त्यात एक मोठी सोय दिसते. आज लिहायचं की नाही, हा प्रश्न त्या माणसानं रोज स्वतःला विचारायचंच बंद केलं होतं. लिहिण्यापूर्वीची घालमेल निम्मी तिथंच संपते.

आपल्याकडचं उदाहरण पाहा. लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्य’ मंडालेच्या तुरुंगात, १९१०-११ च्या हिवाळ्यात, पेन्सिलीनं लिहिलं. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिली. या माणसांची विद्वत्ता आणि तळमळ आपल्याजवळ नाही, हे उघड आहे. तुरुंगवास सुखाचा होता असंही कुणी म्हणणार नाही. पण एक गोष्ट ध्यानात येते. बाहेर असताना या दोघांच्या मागे माणसांचा आणि कामांचा केवढा लोंढा असे! तो तुरुंगाच्या भिंतीनं अडवला. आपल्याला तेवढीच एक भिंत हवी आहे, तीही रोज पाऊण तास, आणि ती आपली आपण बांधायची आहे.

ती मी कशी बांधली, ते सांगतो. पहिलं म्हणजे वेळ आणि जागा ठरवली. सकाळी सव्वासहा ते सात, मागच्या खोलीतलं टेबल. टेबलावर वही, दोन पेनं आणि तांब्याभांडं. बाकी सगळं रात्रीच उचलून ठेवायचं, म्हणजे सकाळी आवराआवरीचं निमित्त नको. दुसरं, एक कोरा कागद बाजूला ठेवतो. लिहिताना विजेचं बिल आठवलं की त्या कागदावर ‘वीजबिल’ एवढं लिहायचं आणि पुढं जायचं. कामाची नोंद झाली की मन त्याचा पिच्छा सोडतं. तिसरं, लिहिताना खोडायचं नाही. शब्द अडला तर तिथं फुली मारून पुढं सरकायचं. दुरुस्ती दुपारी. लिहिणारा आणि चुका काढणारा एकाच खुर्चीवर बसले की पहिला गप्प होतो. चौथं, उठताना उद्याचं पहिलं वाक्य कशाबद्दल असेल ते शेवटी लिहून ठेवायचं. लेरॉय बाईंच्या पुढच्या अभ्यासातही असंच दिसलं, की काम सोडताना कुठवर आलो आणि पुढं काय करायचं हे टिपून ठेवलं तर मन मोकळं होऊन दुसरीकडं लागतं.

इथवर सगळं झकास चाललं होतं. मग एके दिवशी सौ. म्हणाली, ‘‘तुम्हाला पाऊण तास कुणी हाक मारायची नाही, हे ठीक. पण त्या पाऊण तासात दूध मी घ्यायचं, आईंचं औषध मी द्यायचं, बेल वाजली की मीच धावायचं. मला लिहायचं असेल तर?’’ मी वरमलो. माझी भिंत तिच्या खांद्यावर उभी होती. घरातल्या एकाचा एकांत दुसऱ्याच्या धावपळीतून येतो, हे आपण पुरुष सोयीनं विसरतो. आता संध्याकाळी सहा ते पावणेसात तिची वेळ. दाराची बेल माझी, कुकर माझा, आईचं औषधही माझ्याकडं. ती माहेरच्या जात्यावरच्या ओव्या आठवतील तशा उतरवून काढते आहे. तिची वही माझ्यापेक्षा वेगानं भरते आहे, हेही सांगून टाकतो.

सवय लागायला किती दिवस लागतात? एकवीस दिवस असं सर्रास म्हटलं जातं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये शहाण्णव लोकांवर झालेल्या एका अभ्यासात मात्र सरासरी सहासष्ट दिवस निघाले. कुणाला अठरा दिवस पुरले, तर कुणासाठी अंदाज दोनशे चोपन्न दिवसांपर्यंत गेला. तेव्हा महिनाभरात जमलं नाही म्हणून हिरमुसू नये. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त धीर देते. मध्ये एखादा दिवस चुकला तरी सवय जडण्यात फारसं बिघडत नाही. माझे तर गणपतीत पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी परत बसलो, इतकंच.

आज त्या वहीची एकशे चाळीस पानं झाली आहेत. सातनंतर मी आईजवळ बसतो आणि आदल्या दिवशीचं वाचून दाखवतो. कधी ती ऐकता ऐकता झोपते, तर कधी मध्येच थांबवून म्हणते, ‘‘तसं नव्हतं रे, वड देवळाच्या मागं होता.’’ मग मी तेवढं दुरुस्त करून घेतो.

बाविसाव्या पानावर मात्र एक जागा कोरी आहे. होडीवाल्याच्या नावाची. गावातली, आईच्या वयाची जी एक-दोन माणसं पुनर्वसनाच्या गावांत आहेत, त्यांनाही विचारून आलो. कुणालाच आठवेना. माझी पहिली सहा वर्षं फुकट गेली नसती, तर ते नाव आज तिथं असतं.

तुमच्याही घरात अशी कुणी आई, आजोबा, आत्या असतील. उद्या सकाळी फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, वही उघडा आणि त्यांना पहिलं नाव विचारा.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)