आजीच्या पोटात सावली!

समज, आजी अंबडहून एसटीनं जालन्याला निघालीय. सोनोग्राफी करायला. आणि सकाळपासून चहासुद्धा नाही! म्हणून तोंड फुगलंय. पण उपाशीपोटीच या, असं डॉक्टरांनी बजावलंय. का बरं?

उजव्या बरगड्यांखाली, यकृताला चिकटून एक पिशवी असते. पित्ताशय! असेल छोट्या लांबट वांग्याएवढी. तिच्यात पित्त साठतं. हिरवट-पिवळं, आपल्या जालन्याच्या मोसंबीच्या सालीसारखं! भजी पोटात गेली, की पिशवी आकसते आणि पित्त आतड्यात सोडते. आता सांग, हवा गेलेल्या फुग्यावरचं चित्र नीट दिसतं का?

सोनोग्राफीचं मशीन काय करतं, ओळख! फोटो काढतं? छे, हाका मारतं! मळ्यातल्या विहिरीत वाकून ‘ओ’ केलं, की ‘ओ’ परत येतो ना? तसंच. पोटावर गारेगार जेल लावून एक दांडू फिरवतात. तोच हाका मारतो आणि तोच ऐकतो. सेकंदाला २० लाखांहून जास्त कंपनं! आपले कान २० हजारांपुढे बहिरे.

आवाज परत आला, तिथं पडद्यावर पांढरं. नाही आला, तिथं काळं. पित्त नितळ, आवाज आपटणार कशावर? म्हणून पित्ताशय काळंकुळकुळीत!

अरे, पण त्यात हा पांढरा ठिपका? खडा! आणि त्याच्यामागे काळा पट्टा? ती सावली! आवाजाची सावली! शाळेच्या मैदानात ऊन तुझ्यातून आरपार जात नाही, तसा आवाज खड्यातून जात नाही.

म्हणजे काळे रंग दोन! एकीकडे आवाज गेला, पण आपटायला काही नव्हतं. दुसरीकडे तो पोचलाच नाही. दिसायला अगदी जुळे! मग ओळखायचे कसे? पित्ताच्या मागची जागा उलट जास्तच उजळते. पित्तातून जाताना आवाज फारसा दमतच नाही ना!

“आजी, डाव्या कुशीवर वळा.”

आणि खडा घरंगळला! मोसंबीच्या रसाचा ग्लास कलता केला, की तळाची बी सरकते ना, तस्सा! जागचा हलला नसता आणि सावलीही नसती, तर तो बहुधा पॉलिप. म्हणजे आतल्या भिंतीला फुटलेला कोंब.

गंमत म्हणजे कितीतरी जणांच्या पोटात असे खडे गुपचूप बसलेले असतात. त्यांना पत्ताच नसतो!

बाहेर येताच आजीनं चहा मागवला. भरपूर दुधाचा. दोन घोट पोटात गेले, आणि आत ती पिशवी हळूच आकसायला लागली.