सक्तीचा विमा आणि गाडीत बसलेली माणसे

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 146 नुसार सार्वजनिक ठिकाणी चालवल्या जाणाऱ्या प्रत्येक मोटारीचा तृतीय पक्षाचा विमा, म्हणजे बोलीतला ‘थर्ड पार्टी’, चालू असणे सक्तीचे आहे. विम्याच्या करारात गाडीमालक आणि विमा कंपनी हे दोन पक्ष असतात, आणि त्या गाडीमुळे ज्याला इजा पोहोचते किंवा ज्याच्या मालमत्तेचे नुकसान होते तो तिसरा पक्ष. कायद्याला सर्वांत आधी या तिसऱ्या माणसाची काळजी आहे, गाडीच्या पत्र्याची नाही. असा विमा नसताना गाडी चालवल्यास 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला 2,000 रुपये आणि त्यापुढे 4,000 रुपये दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. तथापि खरा धोका या दंडाचा नसतो. अपघातात कोणी दगावले तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण मृताचे वय, उत्पन्न आणि त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे विचारात घेऊन भरपाई ठरवते. विमा असेल तर मृत्यू आणि शारीरिक इजेची ही रक्कम, ती कितीही असली तरी, कंपनी देते, आणि विमा नसेल तर तिची वसुली मालकाच्या घरादारावर आणि शेतीवर येऊ शकते.

बुलढाणा जिल्ह्यात हा प्रश्न विशेष जवळचा आहे. मलकापूर, नांदुरा आणि खामगावमधून जाणारा जुना राष्ट्रीय महामार्ग, मेहकर आणि सिंदखेडराजा तालुक्यांतून गेलेला समृद्धी महामार्ग, बुलढाणा आणि मोताळ्यादरम्यानचा राजूर घाट आणि शेगावच्या दर्शनाला वर्षभर चालणारी वाहतूक यांमुळे एमएच-28 क्रमांकाची साधी घरगुती मोटारही एकाच दिवसात बैलगाडीच्या वाटेवरून आणि ताशी 120 किलोमीटर वेगमर्यादेच्या रस्त्यावरून जाते. याच समृद्धी महामार्गावर 1 जुलै 2023 च्या पहाटे सिंदखेडराजा तालुक्यातील पिंपळखुटा येथे खासगी बस पेटून 25 प्रवाशांचा मृत्यू झाला. प्रवासी बसमधील प्रवाशांची जबाबदारी कायद्यानेच सक्तीच्या विम्यात घातलेली आहे. खासगी मोटारीत बसलेल्या माणसांची स्थिती मात्र तशी नाही, आणि स्वस्त विमा शोधणाऱ्या बहुतेक कुटुंबांना नेमकी हीच गोष्ट ठाऊक नसते.

खासगी मोटारीच्या केवळ सक्तीच्या पॉलिसीत, जिला कायद्याच्या भाषेत ‘अ‍ॅक्ट पॉलिसी’ म्हणतात, रस्त्यावरचा पादचारी, समोरचा दुचाकीस्वार आणि दुसऱ्या गाडीतील माणसे येतात, परंतु त्याच मोटारीत मागे बसलेले आईवडील, पाहुणे किंवा शेजारी येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध बालकृष्णन या 2012 च्या निकालात हा भेद स्पष्ट केला: अ‍ॅक्ट पॉलिसीत मोटारीतील प्रवाशाचे संरक्षण गृहीत नसते, तर पॅकेज पॉलिसीत, म्हणजे लोक जिला ‘फुल इन्शुरन्स’ म्हणतात तिच्यात, ते असते. गाडी जुनी झाली, तिला आता बाजारात किंमत राहिली नाही, तेव्हा फक्त थर्ड पार्टी काढावा, हा सल्ला विदर्भात सर्रास दिला जातो. तो गाडीच्या किमतीपुरता बरोबर असला तरी गाडीतील माणसांच्या बाबतीत फार अपुरा आहे, कारण गाडी जुनी झाली म्हणून तिच्यात बसणाऱ्यांचे मोल कमी होत नाही. प्रत्यक्ष गाडी चालवणाऱ्या मालकासाठी 15 लाख रुपयांचे वैयक्तिक अपघात संरक्षण वेगळे घ्यावे लागते. मात्र एकाच मालकाच्या नावावर मोटार आणि दुचाकी दोन्ही असतील, किंवा त्याच्याकडे तेवढ्या रकमेची स्वतंत्र अपघात पॉलिसी असेल, तर प्रत्येक वाहनामागे ते पुन्हा घेण्याची गरज नसते. ही बाब न सांगितल्यास दोन्ही पावत्यांत या संरक्षणाचा हप्ता लागू शकतो, म्हणून नूतनीकरणाच्या वेळी तो विचारून काढून घेणे हा बचतीचा सर्वांत निर्दोष मार्ग ठरतो.

हप्ता कुठे कमी होऊ शकतो हे समजण्यासाठी त्याचे दोन भाग वेगळे पाहावे लागतात. थर्ड पार्टीचा दर केंद्र सरकार विमा नियामक प्राधिकरणाशी विचारविनिमय करून ठरवते आणि तो देशभर सारखाच असतो. 1 जून 2022 पासून लागू झालेल्या दरांनुसार 1,000 सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीला वर्षाला 2,094 रुपये, 1,000 ते 1,500 सीसीपर्यंत 3,416 रुपये आणि त्यावरील मोटारीला 7,897 रुपये पडतात, त्यावर 18 टक्के जीएसटी. विजेवर चालणाऱ्या मोटारींना यात 15 टक्के सूट आहे. म्हणजे 1,200 सीसीच्या मोटारीचा सक्तीचा विमा करासह सुमारे 4,031 रुपयांना बसतो, आणि या भागावर घासाघीस करण्यास वाव नसल्यामुळे याहून फार कमी दरात तो देऊ करणाऱ्याची पॉलिसी खरी आहे की नाही हे आधी तपासलेले बरे. नव्या मोटारीसाठी हा भाग 1 सप्टेंबर 2018 पासून एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो.

दुसरा भाग स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, म्हणजे ‘ओन डॅमेज’चा, यात अपघात, चोरी, आग, पूर, गारपीट अशी कारणे येतात आणि याचा दर प्रत्येक कंपनी आपापला ठरवते. दराच्या जुन्या रचनेत मुंबई, पुणे, दिल्ली अशी आठ महानगरे ‘अ’ विभागात आणि बाकीचा देश ‘ब’ विभागात आहे, त्यामुळे बुलढाण्यात पासिंग झालेल्या मोटारीचा मूळ दर पुण्यातल्या तशाच मोटारीपेक्षा कमी असतो. या भागाचा दुसरा आधार म्हणजे आयडीव्ही, अर्थात गाडीची विम्यापुरती ठरवलेली किंमत, जी उत्पादक कंपनीच्या चालू विक्री किमतीतून वयानुसार घसारा वजा करून काढतात: दुसऱ्या वर्षी 20 टक्के, तिसऱ्या वर्षी 30, चौथ्या वर्षी 40 आणि पाचव्या वर्षी 50. हप्ता उतरवण्यासाठी आयडीव्ही मुद्दाम कमी लावून देण्याची पद्धत चुकीची आहे, कारण गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर हाती येते ती हीच रक्कम.

हप्ता टिकाऊपणे खाली आणणारी गोष्ट म्हणजे नो क्लेम बोनस. सलग दावा न करणाऱ्या मालकाला ओन डॅमेजच्या हप्त्यात पहिल्या वर्षानंतर 20, मग 25, 35, 45 आणि पाच वर्षांनंतर 50 टक्के सूट मिळते, आणि एका दाव्याने ती शून्यावर येते. समजा, एखाद्याचा ओन डॅमेजचा मूळ हप्ता 8,000 रुपये असून त्याला 50 टक्के सूट मिळते आहे, आणि त्याच्या गाडीचा 3,000 रुपयांचा प्लास्टिक बंपर फुटून 1,000 रुपये मजुरी झाली. प्लास्टिकवर 50 टक्के घसारा कापला जातो आणि 1,500 सीसीपर्यंतच्या मोटारीला पहिले 1,000 रुपये मालकानेच सोसायचे असतात, म्हणून त्याच्या हाती 1,500 रुपये पडतात. उलट मूळ हप्ता तोच राहिला असे धरले तरी सूट पुन्हा 50 टक्क्यांवर पोहोचेपर्यंतच्या पाच नूतनीकरणांत तो एकूण 10,000 रुपये जास्त भरतो. किरकोळ खर्च स्वतः करावा आणि विमा मोठ्या संकटासाठी राखावा, हे या आकड्यांवरून पटते. पॉलिसीची मुदत संपून 90 दिवस उलटले तर हा बोनस दावा न करताही बुडतो, ज्याचा फटका हंगामाचे पैसे हाती येईपर्यंत नूतनीकरण लांबवणाऱ्या शेतकरी कुटुंबांना अधिक बसतो. आणि मुदत संपल्यापासून नवी पॉलिसी सुरू होईपर्यंतच्या दिवसांत तर कोणतेच संरक्षण नसते.

घसाऱ्याची कपात टाळणारे ‘झीरो डेप’ हे जादा संरक्षण नव्या गाडीला उपयोगी आहे. जुलै 2023 मध्ये जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत पूर आला, त्यासारख्या प्रसंगी मात्र इंजिनसाठीच्या वेगळ्या संरक्षणाला अधिक महत्त्व येते, कारण पाण्यात उभी गाडी सुरू करण्याच्या प्रयत्नात इंजिनात पाणी शिरून ते निकामी झाले तर साध्या पॅकेज पॉलिसीत तो खर्च सहसा नाकारला जातो.

हप्ता वाचवण्याच्या नादात सर्वाधिक हानी करणारी गोष्ट म्हणजे पांढऱ्या पाटीची मोटार भाड्याने देणे. लग्नसराईत किंवा शेगाव, लोणार, सिंदखेडराजा अशा फेऱ्यांसाठी ओळखीतून गाडी दिली जाते, त्यात कोणाला गैर वाटत नाही. परंतु खासगी पॉलिसीत भाड्याचा वापर स्पष्टपणे वगळलेला असतो, त्यामुळे अपघात झाल्यास गाडीच्या नुकसानीचा दावा अडचणीत येतो आणि जखमींना दिलेली भरपाई कंपनी मालकाकडून वसूल करण्याची मागणी करू शकते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून वऱ्हाड नेण्याचीही हीच गत आहे, कारण शेतीकामासाठी उतरवलेल्या विम्यात ट्रॉलीतले प्रवासी बसत नाहीत.

जुनी गाडी घेताना आणखी एक काळजी लागते. कलम 157 मुळे थर्ड पार्टीचा विमा गाडीबरोबर नव्या मालकाकडे आपोआप गेला असे मानले जाते, परंतु ओन डॅमेजचा भाग तसा जात नाही. त्यासाठी 14 दिवसांच्या आत कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी स्वतःच्या नावावर करून घ्यावी लागते. नो क्लेम बोनस हा गाडीचा नसून माणसाचा असतो, म्हणून विकणाऱ्याने तो आपल्या पुढच्या गाडीसाठी कंपनीकडून प्रमाणपत्राच्या रूपात राखून ठेवावा, आणि घेणाऱ्याने जुन्या मालकाच्या सवलतीवर पॉलिसी चालू न ठेवता फरकाची रक्कम भरावी, कारण आपला नसलेला बोनस दाखवून वाचवलेले दोन-तीन हजार रुपये पुढे लाखाचा दावा फेटाळण्याचे कारण होऊ शकतात. पुण्यातून आणलेल्या एमएच-12 किंवा एमएच-14 च्या मोटारीला नोंदणीच्या ठिकाणामुळे ‘अ’ विभागाचा दर लागू शकतो, हेही सौदा करण्यापूर्वी हिशेबात धरावे.