ऐकलंत ते परत सांगा

इंडिगोची विमानं रेडिओवर 'आयफ्लाय' या नावाने ओळखली जातात. समजा, त्यांचं २५९ क्रमांकाचं एक विमान मुंबईला उतरायला येतंय. जमिनीवरच्या कंट्रोलरचा आवाज जातो, "आयफ्लाय टू फाइफ नाइनर, डिसेंड टू फ्लाइट लेव्हल वन वन झीरो." विमानातून लगेच उत्तर येतं, "डिसेंडिंग टू फ्लाइट लेव्हल वन वन झीरो, आयफ्लाय टू फाइफ नाइनर." झालं! जेमतेम दहा सेकंद. ना कागद, ना सही, ना शिक्का. तेवढ्या बोलण्यावर दीडशे-पावणेदोनशे प्रवाशांना घेऊन ते विमान अकरा हजार फुटांच्या दिशेने उतरू लागतं.

या दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नसतं, नावंही ठाऊक नसतात. काही मिनिटांत विमान दुसऱ्या कंट्रोलरच्या हद्दीत जाईल, फ्रिक्वेन्सी बदलेल, आवाज बदलेल. पण मला या संभाषणाचं खरं नवल वाटतं ते आणखी एका गोष्टीसाठी. माणसं नीट ऐकतील, असं ते रचणाऱ्यांनी धरलेलंच नाही. ऐकण्यात चूक होणार, हे गृहीत धरून त्यातला एकेक शब्द, एकेक आकडा, अगदी रेडिओलहरींचा प्रकारसुद्धा ठरलेला आहे.

हे सगळं सुरुवातीपासून नव्हतं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूला उतरले, तेव्हा त्यांच्या छोट्याशा पस मॉथ विमानात रेडिओच नव्हता. एकदा चाकं जमिनीवरून उचलली की पुढचं उतरणं होईपर्यंत त्यांना कुणी काही सांगू शकत नव्हतं, आणि त्यांनाही कुणाला काही विचारता येत नव्हतं.

आता लहरींकडे वळू. घरातल्या एफएम रेडिओचा काटा १०८ मेगाहर्ट्झपाशी थांबतो. त्याच्या पुढच्या दहा मेगाहर्ट्झमध्ये विमानांना दिशा दाखवणारे संकेत चालतात, आणि ११८ पासून १३७ पर्यंत वैमानिक आणि कंट्रोलर बोलतात. म्हणजे गाण्यांच्या अगदी शेजारीच. मग गाणी इतकी स्वच्छ आणि वैमानिकाचा आवाज इतका खरखरीत का? कारण विमानांनी एफएम घेतलंच नाही. मीडियम वेव्हवरची आकाशवाणी ज्या एएम तंत्रावर चालत आली, तेच तंत्र विमानांनी आजही धरून ठेवलंय. जगभरची उपकरणं एकदम बदलणं अवघड, हे त्याचं एक कारण आहेच. पण दुसरं कारण ऐकाल तर चाट पडाल.

एका फ्रिक्वेन्सीवर कितीतरी विमानं असतात आणि बोलण्याचं बटण दाबलं की ऐकणं बंद होतं. ओढ्यावरच्या एकपदरी पुलावरून जशी एका वेळी एकाच बाजूची गाडी जाते, तसा इथे एका वेळी एकच आवाज जाऊ शकतो. आता दोघांनी एकदम बटण दाबलं तर? एफएमवर ज्याचा संकेत जोरदार, तो दुसऱ्याला गिळून टाकतो. ऐकणाऱ्याला एकच आवाज छान स्वच्छ ऐकू येतो आणि दुसरा कुणी बोलत होता याचा पत्ताही लागत नाही. एएमवर मात्र दोन्ही लहरी एकमेकींत मिसळतात, आणि त्यांच्या फ्रिक्वेन्सीत जो किंचित फरक असतो त्यातून एक कर्कश शिट्टी जन्माला येते. शब्द कळत नाहीत, पण शब्द हरवले एवढं नक्की कळतं. मग कुणीतरी म्हणतं, 'ब्लॉक्ड', आणि निरोप पुन्हा दिला जातो. सुरेल आवाजावर पाणी सोडायचं, खरखर पत्करायची, आणि त्या बदल्यात हरवलेल्या निरोपाची वर्दी मिळवायची. काय शहाणा सौदा आहे!

ती शिट्टी वाजूनही अनर्थ टळला नाही, असंही एकदा घडलं. २७ मार्च १९७७, कॅनरी बेटांमधलं टेनेरिफ. धावपट्टीवर दाट धुकं. एका टोकाला केएलएमचं जंबो जेट उड्डाणाच्या तयारीत उभं, आणि त्याच धावपट्टीवरून पॅन ॲमचं जंबो सावकाश पुढे येतंय. दोघं एकमेकांना दिसत नाहीत, टॉवरला दोघंही दिसत नाहीत. केएलएमच्या सहवैमानिकाने मार्गाची सूचना परत म्हणून दाखवली आणि शेवटी जोडलं, 'वुई आर नाऊ ॲट टेकऑफ'. टॉवरला वाटलं, हे उड्डाणाच्या जागेवर उभे आहेत. प्रत्यक्षात परवानगी मिळालेली नसताना विमान धावू लागलं होतं.

टॉवर म्हणाला, "ओके," आणि क्षणभराने, थांबा, उड्डाणाचं मी कळवतो. नेमक्या त्याच वेळी पॅन ॲमचा वैमानिक घाईघाईने बोलला की आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत. केएलएमच्या कॉकपिटमध्ये 'ओके' स्वच्छ पोचलं. पुढचे जवळजवळ चार सेकंद कर्कश शिट्टी, आणि तिच्याखाली दबलेली दोन अत्यंत मोलाची वाक्यं. फ्लाइट इंजिनिअरला शंका आली. त्याने विचारलंसुद्धा, ते पॅन अमेरिकन धावपट्टीवरून बाजूला झालं नाही का? झालं की, असं कॅप्टनने ठामपणे सांगितलं. ५८३ माणसं गेली. विमान-अपघातात इतके बळी त्याआधी कधी गेले नव्हते, नंतरही गेलेले नाहीत.

त्यानंतर 'टेकऑफ' हा शब्द जणू कुलपात ठेवला गेला. उड्डाणाची प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करताना तेवढा तो बाहेर काढायचा, एरवी सगळीकडे 'डिपार्चर'. महत्त्वाच्या सूचनेला नुसतं 'ओके' म्हणून भागेनासं झालं. आज जगात कुठेही धावपट्टीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या विमानाचा वैमानिक 'रेडी फॉर डिपार्चर' म्हणतो, त्यामागे टेनेरिफचं धुकं आहे.

मघाच्या संवादातलं 'फाइफ' आणि 'नाइनर' तुम्हाला खटकलं असेल. पण जरा रेडिओच्या कानाने ऐकून पाहा. आपल्या बोलण्यातले उंच, बारीक ध्वनी, म्हणजे स, फ, थ यांची फुसफुस, रेडिओतून जाताना बरीचशी गळून पडते. 'फाइव्ह' आणि 'नाइन' यांच्या पोटातला स्वर एकच. आजूबाजूचं गळालं तर उरतं काय? नुसतं 'आइ'! म्हणून 'नाइन'ला शेपूट लावून 'नाइनर' केलं, 'फाइव्ह'चा शेवट कडक करून 'फाइफ' केलं, आणि 'थ्री'मधला निसटता ध्वनी काढून 'ट्री' केलं. पाच हजार फूट आणि नऊ हजार फूट यांच्यात जो काही गोंधळ होऊ शकला असता, तो एका शेपटाने मिटवला.

अक्षरांची कथा तर याहून रंगतदार. अल्फा, ब्राव्हो, चार्ली ही मालिका कुणी सहज सुचली म्हणून लिहिली असेल, असं वाटतं ना? ती घडवण्यात माँट्रिआल विद्यापीठातले भाषाशास्त्रज्ञ जाँ-पॉल व्हिने यांचा मोठा हात होता, आणि ३१ देशांच्या माणसांच्या कानांवर तिची परीक्षा झाली. त्यातून निघालेली एक गोष्ट मला फार आवडते. 'एफ'साठी 'फुटबॉल' हा शब्द एकटा ऐकवला तर 'फॉक्सट्रॉट'पेक्षा सहज ओळखू येई. पण बोलण्याच्या ओघात, इतर शब्दांच्या गर्दीत मात्र 'फॉक्सट्रॉट' सरस ठरला. म्हणजे शब्द एकट्याने चांगला असून चालत नाही, तो घोळक्यात उठून दिसावा लागतो. आधीच्या यादीतले कोका, मेट्रो, नेक्टर, युनियन आणि एक्स्ट्रा हे पाच शब्द गळले, आणि १ मार्च १९५६ पासून आजची मालिका लागू झाली.

एवढी तटबंदी करूनही शेवटचा बुरूज तोच, ऐकलंत ते परत सांगा. याला रीडबॅक म्हणतात. वैमानिकाने परत म्हटलं की काम संपत नाही. ते बरोबर म्हटलं की नाही हे कंट्रोलरने कान देऊन तपासायचं असतं. चुकीचं परत म्हटलं आणि कंट्रोलर गप्प राहिला, तर वैमानिक त्या गप्प राहण्यालाच होकार समजणार.

आणि रीडबॅक अगदी बरोबर असूनही घात झाला तर? तेही आपल्या देशात घडलं. १२ नोव्हेंबर १९९६, हरियाणातलं चरखी दादरी. कझाकस्तानचं इल्यूशिन-७६ दिल्लीला येत होतं. त्याला १५,००० फुटांपर्यंतच उतरायची परवानगी होती. दिल्लीहून निघालेल्या सौदियाच्या जंबोला १४,००० फूट दिले होते. तेव्हाच्या दिल्लीच्या रडारवर विमानाची दिशा आणि अंतर दिसे, उंची दिसत नसे. उंची कळायचा एकच मार्ग, विमानातून सांगितलेला आकडा. कझाक विमानात रेडिओवर बोलायला वेगळा ऑपरेटर होता. त्याने आकडे बरोबर परत म्हटले. पण त्याच्या पुढ्यात उंची दाखवणारं यंत्र नव्हतं, वैमानिकांच्या खांद्यावरून डोकावून बघावं लागे. आणि वैमानिकांचं इंग्रजी कच्चं असल्याने सगळी भिस्त त्याच्यावर. विमान १५,००० फुटांच्या खाली उतरत गेलं. ३४९ जण मृत्युमुखी पडले. बोलणारं तोंड आणि विमान चालवणारे हात यांच्यामधला निरोप गळला होता.

त्यानंतर भारताने विमानांत टक्कर टाळणारी यंत्रणा सक्तीची केली. तिच्यात दोन विमानं माणसांना न विचारता आपसात संकेत देतात आणि एकाला वर जा, दुसऱ्याला खाली जा असं सांगतात. २००८ पासून आंतरराष्ट्रीय उड्डाणं करणाऱ्या वैमानिकांना आणि त्यांच्याशी बोलणाऱ्या कंट्रोलरना ठरावीक पातळीचं इंग्रजी येणंही सक्तीचं झालं.

आतापर्यंतच्या लहरी सरळ रेषेत जाणाऱ्या होत्या. पस्तीस हजार फुटांवरच्या विमानाशी त्या साधारण चारशे किलोमीटरपर्यंत बोलू शकतात; पुढे पृथ्वीची गोलाई आड येते. जमिनीवर ठिकठिकाणी अँटेना उभारून हे भागवता येतं. पण अरबी समुद्रात अँटेना कुठे रोवणार? तिथे 'मुंबई रेडिओ' हे विमानांशी बोलणारं केंद्र हाक मारतं ते शॉर्ट वेव्हवर. या लहरी वर जातात, सूर्याच्या किरणांनी विद्युतभारित झालेल्या हवेच्या उंच थरावर आपटतात आणि वाकून क्षितिजापलीकडे उतरतात. रात्री तो थर विरळ होतो, म्हणून दिवसा उंच आणि रात्री खालची फ्रिक्वेन्सी वापरायची. म्हणजे सूर्य मावळला की बोलण्याची जागासुद्धा बदलते!

पण या लहरींवर सतत इतकी फसफस आणि कडकड असते की तासन्‌तास ती ऐकत बसणं म्हणजे शिक्षाच. म्हणून प्रत्येक विमानाला चार अक्षरांचा एक सेलकॉल कोड दिलेला असतो. जमिनीवरून दोन स्वर एकत्र, सुमारे सेकंदभर. किंचित थांबून पुन्हा दुसरे दोन स्वर. आपल्या स्वरांची जोडी ओळखली की त्याच विमानात घंटी वाजते, दिवा लागतो, आणि वैमानिक आवाज वाढवून बोलू लागतो. पूर्वी सोळा स्वरांतून असे १०,९२० कोड होत. जगातली विमानं त्याहून जास्त, म्हणून एकच कोड दोन विमानांना द्यावा लागे, शक्यतो एकमेकांपासून लांब उडणाऱ्या.

अलीकडे समुद्रावर बरीचशी बोलणी टाइप करूनच होतात. उपग्रहामार्गे सूचना पडद्यावर उमटते, वैमानिक बटण दाबून ती स्वीकारतो. ऐकण्यातली चूक संपली. पण एक गोष्ट हातची जाते. आवाजाच्या फ्रिक्वेन्सीवर पुढच्या विमानाने हादरे बसताहेत असं सांगितलं की मागून येणारे सगळे ते ऐकतात आणि सीटबेल्टचा दिवा आधीच लावून ठेवतात. टाइप केलेला निरोप मात्र ज्याचा त्यालाच. सुदैवाने महासागरावर विमानांना एकमेकांशी थेट बोलायला एक फ्रिक्वेन्सी राखून ठेवली आहे. पुढे ढग कसे आहेत, कुठल्या उंचीवर हवा शांत आहे, हे तिथे विचारलं-सांगितलं जातं. तिचा आकडा आहे १२३.४५.